शेजारचा धूर आणि आपले घर : वाराणसीतील मराठी कुटुंबांसाठी आरोग्य-सूचना

वाराणसीच्या जुन्या गल्ल्यांत घराला घर लागून असते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नव्याने सांगावयास नको. येथे अंगण म्हणजे घरामधील उघडा चौक आणि बाग म्हणजे गच्चीवरील तुळस व चार कुंड्या. हवा आणि उजेड या चौकातूनच येतात. शेजारच्या मिठाईच्या भट्टीचा, जनरेटरचा किंवा गॅस गीझरचा धूरही त्याच वाटेने घरात शिरतो. हिवाळ्यात वारा पडलेला असतो आणि थंड हवा जमिनीलगत साचून राहते. त्यामुळे धूर वर न जाता चौकातच कोंडतो.

धुरात काय असते?

लाकूड, कोळसा व डिझेल यांच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. त्यामुळे खोकला, दमा व हृदयविकार बळावतात. यापेक्षा तातडीचा धोका कार्बन मोनॉक्साइड या वायूचा आहे. कोणतेही इंधन अपुऱ्या हवेत जळाले की तो तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. परिणामी श्वास चालू असूनही मेंदू व हृदय यांना प्राणवायू कमी पडतो. म्हणून धूर दिसत नाही किंवा वास येत नाही, एवढ्यावरून निश्चिंत राहू नये.

ही लक्षणे ओळखावीत

- डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अशक्तपणा. ताप मात्र नसणे.
- घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे.
- घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे व परतल्यावर पुन्हा त्रास सुरू होणे.
- शेजारचा जनरेटर, भट्टी किंवा गीझर चालू असतानाच त्रास होणे.
- गोंधळल्यासारखे वागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे. ही गंभीर लक्षणे आहेत.

पुष्कळदा हा त्रास पित्त किंवा बाधलेले अन्न समजून अंगावर काढला जातो. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध व हृदयरोगी यांना धोका अधिक असतो. गर्भातील बाळाच्या रक्तातून हा वायू आईच्या तुलनेने सावकाश बाहेर पडतो, म्हणून आईला बरे वाटले तरी तपासणी टाळू नये.

त्रास सुरू झाल्यास तत्काळ

१. सर्वांनी मोकळ्या हवेत यावे. चौकात धूर असल्यास तेथे न थांबता गल्लीच्या रुंद भागात जावे.
२. बाहेर पडताना शक्य असल्यास घरातील शेगडी, बोरसी व गीझर बंद करावे. त्यासाठी थांबून राहू नये.
३. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.
४. रुग्णालयात "घरात जनरेटरचा धूर येत होता" असे स्पष्ट सांगावे. बोटाला लावण्याचा पल्स ऑक्सिमीटर या विषबाधेत चुकीने चांगला आकडा दाखवू शकतो. निदानासाठी रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासावे लागते. प्राणवायू देणे हा मुख्य उपचार आहे.

ओले फडके किंवा मुखपट्टी हा वायू अडवत नाही. एन-९५ मुखपट्टी कण रोखते, वायू नाही.

शेजाऱ्यांशी बोलण्यापूर्वी

एक आठवडा वहीत नोंद ठेवावी: तारीख, वेळ, धूर कोठून आला, कोणाला काय झाले. धुराड्याच्या किंवा पाइपाच्या तोंडाचे छायाचित्र घ्यावे. मग शेजाऱ्यांना सवड असेल तेव्हा, गल्लीत चारचौघांसमोर नव्हे, त्यांच्या घरी जाऊन बोलावे. त्यांच्या घरालाही हाच धोका आहे, हे आधी सांगावे. मागणी नेमकी असावी:

- पाइपाचे तोंड आपल्या खिडकीपासून व चौकापासून दूर वळवावे आणि छपरावर न्यावे.
- गीझर व जनरेटर यांची जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी.
- कोळशाची भट्टी शक्य तेथे गॅसवर आणावी.

जनरेटरच्या धुराड्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र आहे: जनरेटर असलेल्या इमारतीच्या उंचीपेक्षा धुराडे किमान ०.२ गुणिले केव्हीएचे वर्गमूळ इतके मीटर उंच असावे. म्हणजे २५ केव्हीएसाठी १ मीटर, १०० केव्हीएसाठी २ मीटर. ही उंची शेजाऱ्यांच्या इमारतीवरून मोजली जाते. आपले घर त्याहून उंच असेल, तर नियम पाळूनही धूर आपल्या वरच्या मजल्यात येऊ शकतो. अशा वेळी अधिक उंचीची विनंती करावी.

बोलण्याने न सुटल्यास

दुकान किंवा व्यवसायाच्या धुराबाबत उत्तर प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वाराणसी येथील प्रादेशिक कार्यालय व नगर निगम यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा. मुख्यमंत्री हेल्पलाइन १०७६ वरही तक्रार नोंदवता येते. त्रास गल्लीतील अनेकांना होत असल्यास सर्वांनी मिळून उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ नुसार ते सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. पूर्वीच्या कायद्यातील अशाच तरतुदीखाली एका बेकरीची भट्टी व धुराडे पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला होता. बेकरीचा धंदाच बंद करण्याची अट मात्र मान्य केली नव्हती. आपल्या अर्जातही हाच विवेक असावा: तक्रार धुराची करावी, कोणाच्या रोजीरोटीची नव्हे. त्रास केवळ आपल्याच घरापुरता असल्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. स्त्रिया व अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते; त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

तोपर्यंत घरात

धुराच्या वेळी त्या बाजूची खिडकी लावावी व विरुद्ध बाजूची उघडी ठेवावी. सर्व खिडक्या लावून आत बोरसी पेटवू नये. तोच विषारी वायू मग घरातच तयार होतो. आजारी व्यक्ती, बाळंतीण व मुले यांना धुरापासून दूरच्या खोलीत झोपवावे. शक्य असल्यास झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवावे. यात्रेकरूंनी धर्मशाळेत खोली घेताना खिडकीखाली जनरेटर नाही ना, हे पाहावे.

डोकेदुखी घराबाहेर थांबते आणि घरात परत येते, एवढे लक्षात आले तरी त्या रात्री त्या खोलीत झोपू नये. अर्ज उद्या लिहिता येईल.