सुई टोचली की गाठ पसरते का?

प्रश्न : आईचं पोट दोन महिन्यांपासून फुगत चाललंय. जेवण जात नाही, संध्याकाळी बारीक ताप असतो. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं आणि डाव्या अंडाशयाजवळ गाठ. रक्तात सीए-१२५ बरंच वाढलेलं आहे. डॉक्टर म्हणतात, आधी पाणी तपासू, मग तुकडा काढू. घरातली मोठी माणसं मात्र अडून बसलीत. गाठीला सुई लागली की ती पसरते, चुलत्यांचं तसंच झालं, असं त्यांचं म्हणणं. हे खरं आहे का? आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन सगळं झाल्यावर तुकडा हवाच कशाला?
— एक वाचक भगिनी, घोटी बुद्रुक

उत्तर : सुईमुळे गाठ पसरल्याची उदाहरणं आहेत, पण फार विरळा. ती कुठे घडतात हे डॉक्टरांना ठाऊक असतं, म्हणून तिथे ते सुई घालत नाहीत. तुमच्या आईंच्या बाबतीत खरा धोका दुसरीकडे आहे. नेमका आजार न कळता उपचार सुरू होणं, किंवा या वादात आणखी दोन महिने जाणं, हा तो धोका.

घरच्यांची भीती मला समजते. यकृत, स्वादुपिंड, अंडाशय हे अवयव लवकर दुखत नाहीत. पोटात जागा भरपूर असते, त्यामुळे गाठ वाढत राहते आणि माणूस कामाला जात राहतो. सुई टोचायची वेळ येते तेव्हा आजार कित्येक महिन्यांचा जुना झालेला असतो आणि पुढचे दिवस वेगाने उतरतात. घरच्यांना दिसतो तो क्रम एवढाच : आधी सुई, मग अखेर. दोष सुईच्या माथी बसतो.

ही भीती आपल्याकडचीच आहे असंही नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासण्याची पद्धत मांडली, त्यानंतरही पुष्कळ सर्जन याच शंकेने बिचकत राहिले. पुढे ही शंका मोजून पाहिली गेली. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. शस्त्रक्रियेआधी सुईने तपासणी झालेले रुग्ण सरासरी कमी जगले असतील, असं भीती खरी मानली तर दिसायला हवं होतं. तसं दिसलं नाही. उलट ते थोडे अधिकच जगले. सुईने आयुष्य वाढवलं असा याचा अर्थ नाही, पण तिने ते कमी केलं नाही एवढं त्यातून नक्की म्हणता येतं.

आता अपवाद. वृषणातल्या संशयित गाठीत बाहेरून सुई घालत नाहीत. जांघेतून छेद घेऊन पूर्ण वृषणच काढतात. यकृत आधीच सिरोसिसने खराब झालेलं असेल आणि शिरेतून औषध देऊन काढलेल्या सीटीत गाठीचं ठरावीक रूप दिसलं, तर सुईशिवायच निदान मानतात, कारण तिथे सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याचं शेकडा दोन-तीन रुग्णांत आढळलं होतं. हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यामेंढ्यांकडून येणाऱ्या जंताची पाण्याने भरलेली गाठ, पूर्वतयारीशिवाय टोचली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. आणि चौथा अपवाद तुमच्या कामाचा : अंडाशयापुरतीच असलेली संशयित गाठ टोचत नाहीत, कारण ती फुटून आतला द्रव पोटात सांडण्याची भीती असते. ती अख्खी काढतात. पण पोटात पाणी झालेलं असेल तेव्हा मूळ गाठीला हात लावायची गरजच सहसा पडत नाही. पाणी काढता येतं. पोटाच्या आतल्या अस्तराचा किंवा आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा छोटा तुकडा सोनोग्राफीत बघत बघत सुईने, नाहीतर दुर्बिणीतून घेता येतो. ‘तुकडा नक्की कुठून घेणार?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

मग चित्रं काढून झाल्यावर हे सगळं कशासाठी? सोनोग्राफीचं यंत्र कानाला न ऐकू येणारा आवाज आत पाठवतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून आकार रेखाटतं. पाणी काळं दिसतं, खडा पांढरा. सीटी स्कॅन क्ष-किरणांनी आडवे काप दाखवतो. गाठ कुठे आहे, केवढी आहे, कशाला चिकटली आहे, हे दोन्ही फार चांगलं सांगतात. ती कसली आहे याचा मात्र बहुतेक वेळा अंदाजच असतो.

घोटीच्या बाजारात तांदळाचं पोतं घेताना व्यापारी टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतो आणि मूठभर तांदूळ हातावर घेऊन बघतो. बाहेरून पोतं चाचपून भाव ठरत नाही. तुकडा काढायची सुई तशीच पोकळ असते. तिची अडचणही तीच : चुकीच्या कोपऱ्यात गेली तर हाती चुकीचा माल लागतो. म्हणून दोन-तीन तुकडे घेतात, आणि ‘निश्चित सांगता येत नाही’ असा रिपोर्ट आला तर पुन्हा घ्यावे लागतात. त्यात कुणाची फसवणूक नसते.

आईंच्या बाबतीत हा अंदाज किती चुकू शकतो ते सांगतो. पोटात पाणी, अंडाशयाजवळ गाठ, सीए-१२५ वाढलेलं, जेवण जात नाही. या चित्राला पहिलं नाव येतं अंडाशयाच्या कॅन्सरचं. पण पोटाचा टीबी हुबेहूब हेच चित्र उभं करतो. सीए-१२५ हे प्रथिन पोटाचं अस्तर कशानेही चिडलं की वाढतं. साधारण ३५ पर्यंत ते ठीक मानतात, टीबीत ते कित्येक शेकड्यांत जाऊ शकतं, पाळीत आणि गरोदरपणातही थोडं चढतं. कॅन्सर समजून पोट उघडलं आणि अस्तरावर राईएवढे टीबीचे दाणे पसरलेले दिसले, अशा स्त्रियांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत पुष्कळ आहेत. संध्याकाळचा बारीक ताप वाचून मलाही टीबीची शंका आली. पण शंका म्हणजे निदान नव्हे, आणि कॅन्सरमध्येही ताप येतो. उत्तर तुकड्यातच आहे.

प्रश्न : ‘सहा महिने टीबीच्या गोळ्या देऊन बघू, उतरलं तर ठीक,’ असं एकांनी सुचवलं. तसं केलं तर?

उत्तर : माझा याला ठाम विरोध आहे. तुकडा मिळण्याची सोय असताना ‘देऊन बघू’ म्हणणं रुग्णावर अन्याय आहे. कॅन्सर असेल तर ते महिने वाया जातात. आणि उलट चूक झाली, टीबीच्या बाईला केमो दिली गेली, तर प्रतिकारशक्ती खचून टीबी अंगभर पसरू शकतो.

दोन्ही वाटा अगदी वेगळ्या आहेत. टीबी निघाला तर सहसा सहा महिन्यांची औषधं : पहिले दोन महिने चार, पुढचे चार महिने तीन. ती सरकारी केंद्रात फुकट मिळतात, आणि आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात. कॅन्सर निघाला तर दिसेल तेवढा सगळा आजार काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया आणि केमो, बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी, सहसा सहा वेळा. आजार फार पसरलेला असेल तर आधी तीन केमो, मग शस्त्रक्रिया, मग उरलेल्या तीन. ही शस्त्रक्रिया कॅन्सरच्याच सर्जनने करावी. अर्धवट काढून मागे ठेवलेली गाठ पुढचं सगळं अवघड करते.

प्रश्न : तुकडा काढल्यावर घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं?

उत्तर : पुष्कळ. चांगला तुकडा वाटेत वाया जातो, आणि हे टाळता येतं.

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. बाटलीत तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिन हवं आणि बाटलीच्या अंगावर नाव हवं, झाकणावर नको, कारण झाकणं बदलतात. पण टीबीची शंका असेल तर एक तुकडा वेगळ्या बाटलीत, फॉर्मॅलिनशिवाय, सलाइनमध्ये पाठवावा लागतो. फॉर्मॅलिन जंतू मारतं, मग त्या तुकड्यातून टीबीचा जंतू वाढवून बघता येत नाही आणि त्यावर कोणतं औषध चालेल तेही कळत नाही. काढण्याआधीच डॉक्टरांना आठवण करा : ‘टीबीसाठी वेगळा तुकडा जाणार ना?’

प्रयोगशाळेत तुकड्यातलं पाणी काढून त्यात मेण भरतात. मेणाच्या त्या वडीला ब्लॉक म्हणतात. तिचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे, केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचेवर, म्हणजे स्लाइडवर, घेतात आणि रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी होतात, बाकीचा भाग गुलाबी. पॅथॉलॉजिस्ट तेव्हा बघायला बसतो. म्हणून रिपोर्टला दिवस लागतात. खास रंग लावून गाठीचं मूळ शोधायचं असेल तर आणखी काही दिवस. रोज फोन करून ते लवकर होत नाही.

तुकड्यासोबतच्या फॉर्मवर आईंची पूर्ण हकीकत लिहिलेली आहे ना, तेही बघा : ताप, वजन, घरात कुणाला टीबी होता का. डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं नाव इथे आठवतं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. धोतर घट्ट नेसल्याने कमरेला जिथे सतत घासतं तिथल्या कातडीच्या कॅन्सरचं वर्णन त्यांनी १९४५ मध्ये केलं. माणूस काय नेसतो हे विचारल्याशिवाय नुसत्या काचेवरून ते कळलं नसतं. ‘पोटात गाठ’ एवढंच लिहिलेला फॉर्म आजही कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला आंधळं करतो.

ब्लॉक आणि स्लाइड ही आईंची मालमत्ता समजा. पुढे धामणगावच्या एसएमबीटी रुग्णालयात जा, नाशिकला जा किंवा कसारा घाट उतरून टाटाला जा, तिथले डॉक्टर नुसत्या रिपोर्टवर भागवत नाहीत, ब्लॉक आणि स्लाइड मागतात आणि स्वतः पुन्हा बघतात. त्या आधीच पावती देऊन मागून घेतल्या तर फेरी वाचते. घाटाखाली पोचल्यावर ब्लॉक मागे राहिल्याचं कळणं आजारी माणसाला फार महाग पडतं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, पैसे भरायच्या आधी शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्यांना भेटा.

प्रश्न : आईला कॅन्सर निघाला तर मलाही होईल का? मी दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ करून घेऊ का?

उत्तर : पहिल्या भागाचं उत्तरही आईंच्या तुकड्यावर अवलंबून आहे. अंडाशयाच्या काही कॅन्सरमध्ये बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांतला दोष असतो आणि तो मुलांकडे येऊ शकतो. रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड सीरस’ असं आलं तर आईंची ही जनुक तपासणी करायला विचारा. दोष सापडला तरच तुमची आणि भावाबहिणींची तपासणी करण्यात अर्थ आहे. हो, भावांचीही.

दरवर्षीच्या सोनोग्राफीचा मात्र उपयोग नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हे करून पाहिलं. २०२१ मध्ये निकाल आला : अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

पण गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं तसं नाही, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातल्याच बायकांनी दिला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन अभ्यास केला. ज्या गटाची फक्त एकदा एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झाली, त्यात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. त्या तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणींचं आपल्यावर ऋण आहे.

तुमचं वय तिशीच्या पुढे असेल तर ही तपासणी करून घ्या. एचपीव्हीची सोय जवळ नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पातळ ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयाचं मुख बघतात, त्याला काही मिनिटं लागतात. पाळीचे दिवस टाळून जा, आणि आईंची धावपळ चालू आहे म्हणून स्वतःची तारीख पुढे ढकलू नका.