महाडला जाल तेव्हा लेण्यांवरही जा

आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे 20 मार्चला किंवा 25 डिसेंबरला महाडला जातात. चवदार तळ्याला वंदन करतात, क्रांतिस्तंभापुढे उभी राहतात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परततात. मुंबईकडून येताना गाव लागण्याच्या थोडे अगोदर डोंगरात काळ्या खिडक्यांसारखी भोके दिसतात. मुले विचारतात, "ते काय?" आपण सांगून मोकळे होतो, "पांडवांनी कोरली म्हणतात."

ती गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. नाशिकच्या लेण्यांनाही लोक पांडवलेणीच म्हणतात. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे आहे. ज्यांनी कोरले त्यांची नावे दगडावर असताना न कोरणाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी बसली. कारण उघड आहे. ब्राह्मी लिपी वाचणारा शेकडो वर्षे कोणी उरला नव्हता.

गांधारपाल्याचा एक लेख समजून घेऊ. सुमारे 1800 वर्षांपूर्वी कानभोअ विण्हुपालित नावाच्या कुमाराने येथे दान दिले. काय काय दिले त्याची यादी लेखात आहे. लेणे, चेतियघर, आठ ओवरक, दोन्ही बाजूंना दोन पोढी आणि वाट. ही भाषा प्राकृत आहे, पण कान देऊन ऐका. 'ओवरक' म्हणजे आपली ओवरी. 'घर' तर जसेच्या तसे आहे. दोन या संख्येसाठी त्यात 'बे' आहे; आपली मुले पाढा म्हणताना 'बे एके बे' म्हणतात तेच हे बे. आपली बोली अशुद्ध, असे ज्यांना शाळेत ऐकून घ्यावे लागले त्यांनी हा लेख अवश्य पाहावा.

आणि 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके. पावसाचे पाणी साठवण्यासाठी कातळात खोदलेले. भिक्खुसंघात सर्व थरांतले लोक होते. नद्या सागराला मिळाल्या की आपली नावे टाकतात तसे संघात आल्यावर कुळ-जात सुटते, असे भगवंतांनी सांगितले होते. या टाक्याचे पाणी त्या सर्वांसाठी होते. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावात 1924 साली नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव करूनही आपल्या माणसांना तेथे ओंजळ भरता येत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ते पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी दह्यादुधाचे, शेणाचे, गोमूत्राचे घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. कोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 साल उजाडले.

लेणी पाहायला निघालेल्या बाबासाहेबांनाही पाण्याचाच अनुभव आला. 1934 साली ते तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेले हातपाय त्यांनी तळ्यावर धुतले. लगेच तळे बाटवल्याची शिवीगाळ सुरू झाली. शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आणि हत्यारी शिपाई सोबत देऊन त्यांना आत सोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे.

दान देणारे सगळे राजपुत्र होते असे समजू नका. मला स्वतःला राजांपेक्षा बाकीचीच नावे मोलाची वाटतात. कार्ल्याच्या चैत्याचे दार धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने केले. खांबांवर दात्यांची नावे आहेत, त्यांत यवनही आहेत. कुड्याला एका माळ्याने लेणे दिले आणि पदुमनिका नावाच्या भिक्खुणीने लेणे व पोढी दिली. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे दिले आणि तेथल्याच लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचे नाव आहे. आंध्रातील अमरावतीला विधिक नावाच्या चर्मकाराने आई, बायको, भाऊ आणि मुलाबाळांसह कोरीव शिळा दान केली, आणि आपला धंदा न लपवता त्यावर लिहिला. ही माणसे आपल्या रक्ताची होती असा दावा करण्याची गरज नाही. सुतार, माळी, चांभार यांनी स्वतःच्या नावाने दान दिले आणि ते दगडावर लिहिले गेले, एवढे आपल्या मुलांना कळले तरी पुष्कळ आहे. शाळेच्या पुस्तकात ही नावे त्यांना क्वचितच भेटतात.

ब्राह्मी शिकणे वाटते तितके अवघड नाही. प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने 1837 साली सांचीच्या लेखांवरून ती उलगडली. तेथील पुष्कळ लेखांचा शेवट सारख्याच दोन अक्षरांनी होतो. ही दानाची जागा, तेव्हा तो शब्द 'दानं' असला पाहिजे, असे त्याने ताडले, आणि कुलूप उघडले. मुलांना सुरुवातीला दोनच अक्षरे शिकवा. 'क' म्हणजे गणितातले अधिकाचे चिन्ह. 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. भिंतीवर ती शोधू द्या, वहीत उतरवू द्या. मात्र अक्षरांत खडू, कोळसा भरू देऊ नका. कित्येक लेण्यांत प्रेमिकांची आणि मंडळांची नावे मूळ अक्षरांवर रंगवलेली आहेत. त्यांत आपल्या एखाद्या मंडळाचे नाव दिसले तर ते जास्त लाजिरवाणे.

तळ्यावरचा कार्यक्रम आटोपून उन्हात डोंगर चढण्यापेक्षा सकाळी गावात शिरण्यापूर्वीच लेणी पाहून घ्या. आतल्या खोल्यांत अंधार असतो, बॅटरी लागेल. सोबत पिण्याचे पाणी मात्र खालूनच भरून न्या. टाक्यांत पाणी दिसले तरी त्यांची निगा आता कोणी राखत नाही.