सफरचंद गोठवून टिकविण्याची घरगुती रीत

हंगामात स्वस्त मिळालेली सफरचंदे पुष्कळ घरांत खाण्यापूर्वीच नासतात. गोठविल्यास ती ८ ते १२ महिने टिकू शकतात. त्यासाठी पक्व, टणक व निर्दोष फळे धुवून सोलावीत आणि गाभा काढून फोडी कराव्यात. कापलेला भाग हवेतील प्राणवायूमुळे काळवंडतो. म्हणून फोडी लगेच लिंबाचा रस मिसळलेल्या पाण्यात बुडवून निथळाव्यात. ताटात सुट्या पसरून गोठविल्यावर हवाबंद पिशवीत भरून उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात. गोठविल्याने बहुतेक सूक्ष्मजंतू मरत नाहीत. त्यांची वाढ केवळ थांबते. यास्तव एका वेळेपुरत्याच फोडी काढाव्यात व वितळल्यावर त्वरित वापराव्यात. त्या मऊ पडत असल्याने मुरंबा किंवा शिऱ्यासाठी विशेष उपयुक्त ठरतात.