दुकानदाराचा नवा सोबती

मुलांनो, तुम्ही आईबाबांबरोबर बाजारात जाता ना? कात्र बोर्नच्या बाजारात बुधवारी व शनिवारी ताजी भाजी मिळते. गुरुवारी व रविवारी तेथे कपड्यांची दुकाने लागतात. पोर्ट लुईच्या बाजारात फळे आणि मसाले असतात. दालपुरीवाल्याभोवती तर नेहमीच गर्दी असते.

हे सारे लहान व्यापारी आहेत. त्यांच्याजवळ मोठी इमारत नाही. जाहिरातीसाठी फार पैसाही नाही. मग मोठ्या सुपरमार्केटपुढे त्यांनी कसे टिकावे?

पूर्वी गावातील दुकानदार उधारीची वही ठेवत असे. उसाच्या मळ्यात काम करणारे लोक महिनाभर सामान नेत. पगार झाला की ते पैसे चुकते करत. दुकानदार गिऱ्हाइकांना नावाने ओळखत असे. विश्वास हेच त्याचे खरे भांडवल होते.

आज गिऱ्हाइकाच्या हातात स्मार्टफोन आहे. दुकान कोठे आहे, ते किती वाजता उघडते, हे तो फोनवरच पाहतो. म्हणून शहाणा दुकानदार आपल्या दुकानाचे नाव, जागा आणि वेळ फोनवरील नकाशात लिहून ठेवतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत. पण लिहिलेली वेळ पाळावी लागते. दार बंद दिसले, तर गिऱ्हाईक पुन्हा येईल का?

फोनवरून मागणीही घेता येते. समजा, एखाद्या आजीने सकाळीच निरोप पाठवला, "दुपारी चार जोड्या दालपुरी बांधून ठेवा." मग किती पीठ मळायचे, हे दालपुरीवाल्याला आधीच कळते. अन्न वाया जात नाही आणि आजींना रांगेत उभे राहावे लागत नाही.

आता पैसे देण्याची गोष्ट पाहू. काही दुकानांत काळ्या-पांढऱ्या चौकटींचे एक चित्र चिकटवलेले असते. त्याला क्यूआर कोड म्हणतात. तो १९९४ साली जपानमध्ये तयार झाला. मोटारीच्या कारखान्यातील सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यामुळे चित्र तिरके असले तरी फोनला ते वाचता येते.

आपल्या मॉरिशसमध्ये बँक ऑफ मॉरिशसने २०१९ साली 'मॉकॅस' ही व्यवस्था सुरू केली. तिच्यामुळे एका बँकेतील पैसे दुसऱ्या बँकेत लगेच जाऊ लागले. गिऱ्हाईक फोनने कोड वाचतो, रक्कम लिहितो आणि पैसे पाठवतो. सुट्या पैशांची अडचण राहत नाही.

परंतु सावध राहावे लागते. कोणी आपल्या फोनवर "पैसे पाठवले" असे खोटेच दाखवील. म्हणून दुकानदाराने माल देण्याआधी आपल्या स्वतःच्या फोनवर पैसे आल्याची खात्री करावी. आपल्या कोडवर दुसऱ्याने कागद चिकटवला नाही ना, हेही रोज सकाळी पाहावे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. काही आजी-आजोबांजवळ स्मार्टफोन नसतो. चक्रीवादळात वीज जाते, तेव्हा फोनही बंद पडतात. म्हणून रोख पैसे घेणे सोडू नये. फोन नाही म्हणून कोणालाही रिकाम्या पिशवीने परत पाठवू नये.

मुलांनो, तुमच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन वापरताना अडचण आली, तर घरच्या मोठ्यांना सांगून त्याला मदत करा. मात्र त्याचा गुप्त क्रमांक कधी विचारू नका आणि आपलाही कोणाला सांगू नका.

वहीची जागा आज फोनने घेतली आहे. पण चांगला माल, योग्य भाव आणि गोड बोलणे यांची जागा फोन घेऊ शकत नाही. हे सारे जो सांभाळतो, त्याच्याकडेच गिऱ्हाईक पुन्हा येतो.

अभ्यास

१. पूर्वीचे दुकानदार उधारीची वही का ठेवत?
२. आधी मागणी कळल्याने दालपुरीवाल्याचा काय फायदा होतो?
३. दुकानदाराने कोणत्या दोन बाबतींत सावध राहावे?
४. रोख पैसे घेणे का सोडू नये?
५. तुमच्या घराजवळच्या एका दुकानाविषयी पाच वाक्ये लिहा.