१ जानेवारीची यादी



नागरिकशास्त्राच्या तासाला परराष्ट्रधोरण हा विषय निघाला की, तो दिल्लीतील मुत्सद्द्यांचा प्रांत, आपला त्याच्याशी संबंध काय, असे पुष्कळांस वाटते. त्यांनी नकाशा उघडून पाहावा. सिल्वासाहून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर, पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूर आहे. भारतातील पहिले अणुवीज केंद्र तेथे १९६९ साली सुरू झाले. युद्धात अशा केंद्रावर बाँब पडला तर काय होईल? इमारत कोसळेल, ही गोष्ट गौण. अणुभट्टीतील किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडून वाऱ्याबरोबर पसरली, तर शेते, विहिरी आणि वस्त्या यांना त्यांची झळ दीर्घकाळ सोसावी लागेल. हे संकट टाळण्यासाठी भारताने पाकिस्तानशी एक लहानसा करार केला आहे. त्याचाच परिचय या लेखात करून घ्यावयाचा आहे.

शेजारी कसा आहे?

भारत आणि पाकिस्तान यांच्यात १९४७-४८, १९६५, १९७१ आणि १९९९ साली युद्धे झाली. मे १९९८ मध्ये प्रथम भारताने पोखरण येथे व त्यानंतर पाकिस्तानने चगाई येथे अणुचाचण्या केल्या. तेव्हापासून दोन्ही राष्ट्रे उघडपणे अण्वस्त्रधारी आहेत. भारताने प्रथम अण्वस्त्र न वापरण्याचे धोरण जाहीर केले आहे. पाकिस्तानने तसे बंधन स्वीकारलेले नाही. शिवाय तेथील राज्यकारभारास स्थैर्य नाही. १९५८, १९७७ आणि १९९९ साली लष्कराने सत्ता हाती घेतली, आणि आजवर एकाही पंतप्रधानास आपली पाच वर्षांची मुदत पुरी करता आलेली नाही. आज ज्याच्याशी बोलणी करावी, तो उद्या पदावर असेलच असा भरवसा नाही. अशा शेजाऱ्याशी मोठ्या राष्ट्राने कसे वागावे, हा खरा प्रश्न होय.

करार आणि त्याची रीत

३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबाद येथे, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या कारकीर्दीत, या करारावर सह्या झाल्या. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करावयाचा नाही आणि दुसऱ्या कोणास तसे करण्यास उत्तेजनही द्यावयाचे नाही, हा त्याचा आशय. अणुभट्ट्या, इंधन तयार करण्याचे कारखाने, युरेनियम समृद्ध करण्याची केंद्रे, किरणोत्सारी द्रव्यांचे मोठे साठे हे सर्व त्यात येतात. करार २७ जानेवारी १९९१ रोजी अंमलात आला. गंमत अशी की, तोवर राजीव गांधी व बेनझीर भुट्टो हे दोघेही पंतप्रधानपदावर राहिले नव्हते. माणसे गेली, शब्द राहिला.

दर वर्षी १ जानेवारीस नवी दिल्ली व इस्लामाबाद येथे एकाच दिवशी, राजनैतिक मार्गाने, दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांस देतात. प्रत्येक केंद्राचे अक्षांश व रेखांश तीत नमूद करावे लागतात. पहिली अदलाबदल १ जानेवारी १९९२ रोजी झाली.

कराराच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. यादी जनतेसमोर येत नाही. ती खरी की अपुरी हे तपासण्याची सोय करारात नाही. आणि अण्वस्त्रांची संख्या त्याने एकानेही कमी होत नाही.

कसोटीचे प्रसंग

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. दोन्ही सैन्ये सरहद्दीवर समोरासमोर उभी ठाकली. तरीही १ जानेवारी २००२ रोजी याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये राजनैतिक संबंधांचा दर्जा खाली आला. यादी थांबली नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. भारताने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित केला आणि मे महिन्यात चार दिवस सशस्त्र संघर्ष झाला. त्यानंतरही १ जानेवारी २०२६ रोजी ही अदलाबदल ३५ व्यांदा पार पडली.

कोणी विचारील, ज्याच्याशी आपण बोलणे बंद केले, त्याला यादी का द्यावी? उत्तर असे की, दहशतवादाविरुद्ध कठोर राहणे आणि सर्वनाशाचा धोका आवरणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. एकासाठी दुसरे सोडता येत नाही. धोका नेहमी हेतूतूनच निर्माण होतो असेही नाही. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले व पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. सुदैवाने त्यात स्फोटक नव्हते. भारताने खेद व्यक्त केला, चौकशी केली आणि वायुदलातील तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. पाकिस्तानने उलट मारा केला नाही. अशा घटकेला परस्परांशी बोलण्याची एखादी वाट उघडी असणे किती मोलाचे, हे येथे दिसून येते.

दुसरी यादी

१ जानेवारीस आणखी एक यादी दिली जाते. ती परस्परांच्या तुरुंगांतील कैद्यांची. २००८ च्या करारानुसार ती १ जुलैसही दिली जाते. समुद्रात सरहद्दीची रेघ दिसत नाही. मासळीमागे गेलेले नाखवे व खलाशी पकडले जातात. त्यांत गुजरातचे, पालघरचे आणि दीवचेही असतात. २०२० पासून दीव व आपण एकाच केंद्रशासित प्रदेशात आहोत, हे विसरू नये. त्या घरांतील बायकामुलांना या यादीतील एका नावाचे मोल काय असेल, याचा विचार करावा.

आपल्या प्रदेशास तर कागदाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. मराठे व पोर्तुगीज यांच्या १७७९ च्या पुण्याच्या तहातील शब्दांचा अर्थ दादरा-नगरहवेलीच्या खटल्यात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कसून तपासला आणि १९६० साली निकाल दिला. जपून लिहिलेला आणि नेमाने पाळलेला शब्द हेही राष्ट्राच्या संरक्षणाचे साधन होय. ते तोफेची जागा घेत नाही. पण तोफ डागण्याची वेळ लांबवू शकते.

स्वाध्याय

१. नकाशात तारापूर, दीव, पोखरण व इस्लामाबाद दाखवा.
२. करार करणारे पंतप्रधान गेल्यावरही करार का टिकला असावा?
३. ‘शत्रूशी संवाद म्हणजे दुबळेपणा’ या मताच्या बाजूने व विरुद्ध प्रत्येकी दहा ओळी लिहा.