निवडसूचीत नाव नाही? मग हे करा

पदोन्नतीचा आदेश टपालात यायच्या आधी व्हॉट्सॲपवर फिरतो. अव्वल कारकून वर्षानुवर्षं वाट बघतो, नायब तहसीलदारांची यादी येते, बोट तीनदा वरखाली फिरतं आणि नाव सापडत नाही. खालची कृती राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी आहे. खासगी कंपनीत यातलं फार थोडं चालेल.

१. त्या दिवशी काहीही लिहून देऊ नका. रजेचा अर्ज नको, कार्यालयाच्या ग्रुपवर टोमणा नको. ‘मला आता पदोन्नतीच नको’ असं तर मुळीच नको. पदोन्नती नाकारल्याची नोंद झाली, की आश्वासित प्रगती योजनेतला पुढचा लाभही हातचा जाऊ शकतो. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर येईलच. एक घ्या, अभिनंदन म्हणा. परवापर्यंत शेजारी बसून डबा खाणारा माणूस उद्या तुमचा प्रतिवेदन अधिकारी असू शकतो.

घरी मात्र त्याच रात्री सांगून टाका. सासुरवाडीला बाहेरून कळलं तर चौकश्यांचा त्रास दुप्पट होतो.

२. आता कारण शोधा. ‘वशिला नव्हता’ हे कारण आस्थापना शाखेत कुणीही चहासोबत फुकट देतं. ते कधी खरंही असतं, पण त्यावर अर्ज करता येत नाही. ज्यावर करता येतो ती कारणं मोजकी असतात: पदंच कमी होती, बिंदुनामावलीत तुमच्या प्रवर्गाची जागा निघाली नाही, ज्येष्ठता यादीत क्रमांक खाली होता, महसूल अर्हता परीक्षा राहिली होती किंवा वेळेत सुटली नव्हती, विभागीय चौकशी चालू असल्याने तुमचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवला, किंवा गोपनीय अहवाल कमी पडले. पहिल्या दोन कारणांत तुमच्या कामाचा काही संबंध नाही. तिथे स्वतःला बोल लावत रात्र जागवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी किती जण निवृत्त होतात ते मोजा.

३. कागद मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. राज्याच्या नियमात तसं बंधन आहे. मागायचं काय? विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, अंतिम ज्येष्ठता यादी आणि स्वतःचे विचारात घेतलेले गोपनीय अहवाल. ‘माझ्यावर अन्याय का झाला’ असा प्रश्न अर्जात घालू नका, त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं. दुसऱ्याचे गोपनीय अहवालही मागू नका. ती व्यक्तिगत माहिती आहे, आणि व्यापक जनहित दाखवता आलं नाही तर ती मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

४. अहवाल हातात आले की शेरे नव्हे, प्रतवारी वाचा. देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले अधिकारी. त्यांच्या पदोन्नतीला ‘अतिशय चांगला’ अशी प्रतवारी लागत होती आणि एका वर्षी त्यांना नुसतं ‘चांगला’ मिळालं. वाईट काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून कुणी कळवलंही नाही, आणि नाव मागे पडलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तुमचीही एखादी ‘ब’ अशीच न कळवता पडली असेल, तर मुद्दा सापडला.

५. अभिवेदन लिहा, ते एका पानाचं असावं. कोणत्या वर्षाची नोंद, ती कळवली नाही किंवा चुकीची का आहे, पुरावा कोणता, मागणी काय, एवढंच. ‘प्रामाणिकपणे अहोरात्र सेवा केली’ हे वाक्य काढा. प्रत्येकाच्या अर्जात असतं. अर्ज योग्य मार्गानेच जाऊ द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय बारनिशीच्या टेबलावरून हलू नका. लिपिक म्हणेल, ‘ठेवून जा हो, उद्या देतो.’ उद्यावर सोडू नका. पुढे मुदत मोजायची वेळ आली तर तोच शिक्का कामी येतो.

६. ती मुदत अशी: अभिवेदनावर अंतिम आदेश झाला तर तिथून एक वर्षात मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं. सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवून मुदत वाढत नाही. अनेक चांगली प्रकरणं इथेच बुडतात. वकिलाला भेटताना हेही लक्षात ठेवा, की पदोन्नती मिळणं हा हक्क नाही, पात्र असताना तिच्यासाठी विचार होणं हा आहे. त्यामुळे न्यायाधिकरण बहुधा ‘पुन्हा विचार करा’ म्हणतं, थेट खुर्ची देत नाही.

७. हे सगळं चालू असताना यंदाचं स्वयंमूल्यनिर्धारण शेवटच्या दिवशी घाईत भरू नका. ‘सोपवलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली’ याऐवजी किती फेरफार प्रकरणं निकाली काढली, किती वसुली झाली, आधी किती प्रलंबित होतं, ते आकड्यांत लिहा. आकडे असले, की त्यावर ‘ब’ देताना प्रतिवेदन अधिकाऱ्याला कारणही लिहावं लागतं.