आधी खोली तपासा, मग दुर्बीण

पुण्यात घराच्या गच्चीवर दहा बाय दहाची खोली बांधली, वर रुळांवर सरकणारं पत्र्याचं छप्पर बसवलं आणि आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आत मांडली. 2016 चा मे महिना होता. रात्री दहाला छप्पर सरकवून शनी धरला, तर तो उकळत्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा थरथरत होता. कडी दिसली, पण कड्यांमधली कॅसिनीची फट काही सापडेना. दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी कडाकडा भांडलो: आरसा सदोष आहे, बदलून द्या!

आरसा ठणठणीत होता. तापलेला स्लॅब, बंद खोली आणि त्यात दिवसभर भाजून निघालेली दुर्बीण, यांनी माझा शनी उकळत ठेवला होता.

दोष आरशांचा की हवेचा, हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. ठळक तारा दोनशेपट वर्धनाला घ्या आणि फोकस किंचित बिघडवा. प्रकाशाची वर्तुळं दिसतील, मधोमध दुय्यम आरशाची काळी सावली. वर्तुळं एका बाजूला सरकलेली असतील तर आरशांची जुळणी चुकली आहे. मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. वर्तुळं ओढ्यातल्या पाण्यासारखी वाहत असतील तर स्क्रूला हात लावू नका. तो दोष हवेचा. छप्पर आणि दार सूर्य मावळताच उघडा, तासदीड तास थांबा. खिडकीच्या काचेतून पाहण्याचा मोह तर नकोच.

परीक्षेला ध्रुव सर्वांत बरा, कारण तो जागचा जवळजवळ हलत नाही आणि साध्या डॉब्सोनियनला तारा आपोआप धरून ठेवता येत नाही. पण पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत तो केवढा उंच! ती पाहून मी वारा अडवायला उत्तरेची भिंत सहा फूट केली आणि ध्रुव गमावला. नंतर दोन फूट भिंत फोडावी लागली. गवंडी काय म्हणाला, ते इथे लिहीत नाही.

आणखी एक चूक: दुर्बीण स्लॅबच्या मधोमध ठेवली होती, तेव्हा कुणी चाललं तरी तारा नाचायचा. स्लॅबखाली बीम आहे त्या जागी सरकवल्यावर तो निवला. पावसाळ्यात आरशाला बुरशी धरते, तेवढे महिने दुर्बीण खाली घरात आणतो.

तुमच्या मनात अशी खोली असेल, तर आधी महिनाभर दुर्बीण उघड्या गच्चीत वापरा. विटा त्यानंतर मागवा.